खडकावरची धायटी

प्रत्येक गावाच्या शिवारात काही झाडेझुडपे अशी असतात की, त्यांची नावे सर्वांस ठाऊक असतात. परंतु त्यांच्याविषयी कोणी अधिक विचारले तर दोन वाक्यांपलीकडे सांगता येत नाही. मोहगाव, सौसर आणि पांढुर्णा ह्या आमच्या भागात संत्र्याविषयी लहान मूलही पुष्कळ सांगू शकते. आंबिया बहार कोणता, मृग बहार कोणता, हे त्यास शिकवावे लागत नाही. मोहाची फुले केव्हा वेचावयाची आणि तेंदूची पाने केव्हा तोडावयाची, हेही घरोघरी माहीत असते. धायटीच्या वाट्याला मात्र 'डोंगरावरचे एक झुडूप' एवढ्यापलीकडे सहसा काही येत नाही. ह्या झुडपाची शास्त्रीय ओळख करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे. ती करून देताना खडक, पाखरू, वैद्याचा रांजण आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे एक फूल, इतक्यांचा विचार करावा लागेल.

आधी खडक

झाडाची ओळख व्हावयाची तर ते ज्या जमिनीवर उभे असते ती आधी पाहिली पाहिजे. आमच्या भागात खडकांच्या दोन पिढ्या आढळतात. पहिली फार जुनी. भूशास्त्राच्या ग्रंथांत ह्या खडकांना 'सौसर गट' असेच नाव आहे. म्हणजे आमच्या तालुक्याचे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या तोंडी असते. हे खडक सुमारे शंभर कोटी वर्षे किंवा त्याहूनही जुने असून मँगनीजच्या खाणी ह्यांतच आहेत. ह्याच गटात संगमरवरही आढळतो. संगमरवर म्हणजे उष्णता व दाब ह्यांमुळे रूपांतर पावलेली चुनखडी होय. दुसरी पिढी काळ्या खडकाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस वारंवार बाहेर आला व थरावर थर साचले. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळाने व्यापला आहे, त्याचाच हा उत्तरेकडील पदर. आमच्या कपाशीची काळी माती त्याचीच झीज होऊन झाली.

ह्या दोन खडकांची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत सहज करता येते. चुनखडीच्या तुकड्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की फसफसून कर्बवायू बाहेर पडतो. काळ्या खडकावर तेच थेंब टाकले तर सामान्यतः काही होत नाही. आमच्याकडच्या संगमरवरात पुष्कळदा मॅग्नेशियमचा अंश असतो. अशा दगडावर फेस मंद येतो, म्हणून त्याची आधी पूड करावी लागते.

खडक कोणताही असो, उभ्या उताराची अडचण एकच. तेथे माती टिकत नाही. पावसाचे पाणी वरून आले की खाली धावते. थोडे भेगांत शिरते आणि मुळांच्या आवाक्याबाहेर जाते. चुनखडीत तर पाणी भेगा विरघळवून त्या रुंद करते, त्यामुळे वरचा पृष्ठभाग अधिकच कोरडा राहतो. वैशाखात हा कातळ हात लावू देत नाही. अशा जागी जगणाऱ्या झाडास माती, पाणी व सावली ह्या तिन्हींची वाण सोसावी लागते. धायटी ती सोसते. काळ्या कातळावर ती उगवते, मुरमाड उतारावर उगवते, आणि देहरादून व मसुरीकडच्या चुनखडीच्या डोंगरांतही उगवते. मोहगावहून सौसरमार्गे छिंदवाड्यास जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. अशा घाटांच्या कापलेल्या कडा, नाल्यांच्या दरडी आणि उघड्या टेकड्या हीच तिची आवडती स्थाने होत.

झुडपाची ओळख

धायटी हे सामान्यतः एक ते तीन मीटर उंचीचे, पुष्कळ फांद्यांचे झुडूप आहे. फांद्या लांब असून बाहेरच्या बाजूस कमानीसारख्या झुकतात. साल पातळ, तांबूस तपकिरी असून तिचे धाग्यांसारखे पापुद्रे निघतात. पाने समोरासमोर, भाल्याच्या पात्याच्या आकाराची व जवळजवळ बिनदेठाची असतात. वरची बाजू हिरवी, खालची फिकट व मखमली लवेची. पान उलटे करून नीट पाहिले तर त्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. ह्या त्याच्या ग्रंथी होत. फुले नसतानाही धायटी ओळखण्याची ही खूण विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

फुले हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत येतात. पळस फुलण्याच्या सुमारास धायटीही ऐन भरात असते. पळसाचा रंग दुरून दिसतो. धायटीचा पाहण्यासाठी थोडे जवळ जावे लागते. फांदीच्या संपूर्ण लांबीवर, पानांच्या बगलेत, लाल फुलांचे झुपके लागतात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपण ज्यास लाल 'फूल' म्हणतो ते पाकळ्यांमुळे लाल झालेले नसते. लाल असते ती संदलांची, म्हणजे पाकळ्यांबाहेरील आवरणाची, नळी. ही नळी सुमारे एक ते दीड सेंटिमीटर लांब, किंचित वाकडी व टोकास सहा दातांची असते. पाकळ्या सहाच, पण इतक्या अरुंद की भिंगाखेरीज सहसा नजरेत भरत नाहीत. नळीतून बारा केसर बाहेर डोकावतात. फळ म्हणजे लहानशी कुपी. ती वाळल्यावरही त्या नळीतच राहते. तिच्यात गुळगुळीत, तपकिरी व अत्यंत बारीक अशी पुष्कळ बीजे असतात.

कड्यावरचे जीवन

मोठे बी असलेल्या झाडाला उतारावर रुजणे कठीण. कारण बी घरंगळून जाते. धायटीचे बी धुळीच्या कणासारखे असल्याने ते दगडाच्या भेगेत, मुरमाच्या दोन खड्यांच्या मध्ये, कोठेही अडकून बसते. पावसाळा लागला की तेथेच अंकुरते. मात्र त्यास ऊन हवे. दाट रानाच्या सावलीत धायटी फारशी वाढत नाही. म्हणून जेथे दरड कोसळली, जेथे रान तोडले गेले, जेथे शेत पडीक राहिले, तेथे प्रथम येणाऱ्या झुडपांत ती असते. झुडूप वरून तोडले तरी बुंध्यापासून पुन्हा धुमारे फुटतात. गुरेही तिचा पाला सहसा खात नाहीत. ज्या टेकडीवर दिवसभर गुरे चरतात, तेथे बाकीची रोपे खाल्ली जातात आणि धायटी राहते.

ह्या राहण्याचाच उपयोग मोठा आहे. तिच्या मुळ्या भेगांत शिरून मुरूम धरून ठेवतात. गळलेली पाने झुडपाच्या बुडाशी अडकतात, कुजतात, आणि थोडी माती होते. पावसाच्या थेंबाचा मारा कमानदार फांद्यांवर पडतो, जमिनीवर थेट पडत नाही. काही वर्षांनी त्या मुठभर मातीत दुसऱ्या झाडांचे बी रुजू लागते. पुढे ती झाडे मोठी होऊन सावली धरतात, तेव्हा धायटी हळूहळू मागे हटते. उजाड टेकडीचे रान व्हावयाचे तर आरंभीचे हे काम कोणी तरी केलेच पाहिजे.

फूल आणि पाखरू

फूल नळीसारखे व लाल का, ह्याचे उत्तर पाहुण्यांत सापडते. नळीच्या तळाशी मध असतो. चिमणीहूनही लहान, बाकदार चोचीचे सूर्यपक्षी त्यासाठी येतात. पाखरू नळीत चोच घालते तेव्हा बाहेर आलेले केसर त्याच्या कपाळास लागतात व परागकण तेथे चिकटतात. पाखरू दुसऱ्या झुडपावर गेले की ते कण तेथील फुलास मिळतात. पक्ष्यांना लाल रंग चटकन दिसतो. मधमाश्याही ह्या फुलांवर येतात. उन्हाळ्याच्या तोंडी, रानातली बहुतेक झाडे पाने गाळून उभी असताना, हा मधाचा साठा पाखरांस व माश्यांस मोठाच आधार ठरतो. जेथे माश्या टिकतात तेथे जवळच्या शेतमळ्यांतील फुलांचेही काम होते, हे शेतकऱ्यांच्या मुलांस सांगावयास नको.

वैद्याच्या रांजणात

संस्कृतात धायटीस धातकी म्हणतात. तिची इतर नावेही अर्थपूर्ण आहेत: तांब्याच्या रंगाची म्हणून ताम्रपुष्पी, पुष्कळ फुलांची म्हणून बहुपुष्पी, आणि ज्वाळेसारखी दिसते म्हणून वह्निज्वाला किंवा अग्निज्वाला. हिंदीत तिला धवई अथवा धाय म्हणतात. आमच्या सीमेवरच्या गावांत एकाच बाजारात धायटी व धवई ही दोन्ही नावे कानी पडू शकतात, झुडूप एकच. शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ केवळ 'झुडुपवजा' असा आहे.

आयुर्वेदातील आसव व अरिष्ट ह्या प्रकारच्या औषधांत धायटीची वाळलेली फुले पडतात. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, कुमार्यासव ही त्यांपैकी परिचित नावे. काढ्यात किंवा रसात गूळ अथवा मध घालून तो रांजणात भरतात, धायटीची फुले घालतात, तोंड बंद करून ठेवतात. काही दिवसांत मिश्रण आंबते. आंबणे म्हणजे यीस्ट नावाच्या सूक्ष्म जीवांनी साखरेचे मद्यार्क व कर्बवायू ह्यांत रूपांतर करणे. त्या थोड्या मद्यार्कात औषधी द्रव्ये उतरतात आणि औषध पुष्कळ दिवस टिकते. ह्यात फुलांचे नेमके कार्य कोणते, ह्याचा शोध अलीकडच्या शास्त्रज्ञांनी घेतला आहे. फुलांत साखरेचे विघटन करणारे विकर असल्याचे आढळले आहे. काहींना फुलांवर यीस्टही मिळाले. परंतु आंबवणारे यीस्ट फुलांतूनच येते की अन्य मार्गाने, ह्याविषयी एकमत नाही. जुन्या वैद्यांनी अनुभवाने जे बसविले त्याचे कारण प्रयोगशाळा अद्याप तपासत आहे.

फुलांत टॅनिन हे तुरट द्रव्यही भरपूर असते. त्यामुळे त्यांचा उपयोग कातडी कमावण्यासाठी व वस्त्रे रंगविण्यासाठीही होत आला.

धायटीचे गणगोत

वनस्पतींचीही कुले असतात. धायटीच्या कुलास शास्त्रात लिथ्रेसी व मराठीत मेंदी कुल म्हणतात. कारण हातावर रंगणारी मेंदी ह्याच कुलातली. महाराष्ट्राचे राज्यपुष्प ताम्हण ह्याच कुलातले. आमच्या सातपुड्यातील बोंडारा, ज्यास येथे लेंडियाही म्हणतात, तोही ह्यातलाच. जुन्या क्रमिक पुस्तकांत डाळिंब, शिंगाडा व कोकणच्या खाडीतील चिपी ह्यांना निरनिराळी कुले दिलेली असत. पुढे वनस्पतींच्या पेशींतील अनुवंशद्रव्याची तुलना होऊ लागली, तेव्हा हे तिन्ही मेंदी कुलातलेच असल्याचे दिसून आले. तळ्यातला शिंगाडा, मळ्यातले डाळिंब, खाडीच्या चिखलातली चिपी आणि कड्यावरची धायटी ही एका घराण्याची मंडळी होत. परिस्थितीप्रमाणे एकाच कुलाची रूपे किती भिन्न होतात, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण विद्यार्थ्यांस क्वचितच मिळेल.

दगडातले फूल

आता ह्या कुलाच्या एका फार प्राचीन आप्ताची हकीकत सांगावयाची आहे, आणि ती आमच्याच मुलखातली आहे.

लाव्हारसाचे थर एकामागून एक आले, परंतु मध्ये मोठे खंड पडत. त्या खंडांत थंड झालेल्या कातळावर तळी साचत, दलदली होत, वनस्पती वाढत. नंतर नवा लाव्हा येऊन त्यांस गाडून टाकी. दोन थरांमधील ह्या गाळास आंतरट्रॅपी थर म्हणतात. पाण्यात विरघळलेली सिलिका मेलेल्या फळाफुलांच्या पेशीपेशींत शिरली व तेथेच घट्ट झाली. त्यामुळे चर्ट नावाच्या गारेसारख्या कठीण दगडात ती फळेफुले आतल्या रचनेसह टिकली. दगडाचा अत्यंत पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पेशी मोजता येतात.

असे जीवाश्म ज्या स्थळामुळे जगात प्रसिद्ध झाले त्याचे नाव मोहगाव कलाँ. येथे एक खुलासा अवश्य आहे. ते स्थळ म्हणजे सौसरजवळचे आमचे मोहगाव नव्हे. मोहाच्या झाडावरून नावे पडल्यामुळे सातपुड्यात मोहगावे अनेक आहेत. मोहगाव कलाँ छिंदवाडा जिल्ह्यात आहे. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा होईपर्यंत आमचेही तालुके त्याच जिल्ह्यात होते. तथापि सौसरचाही ह्या अभ्यासात वाटा आहे. थोर पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी व त्यांचे सहकारी एच. एस. राव ह्यांनी १९४३ साली सौसरच्या आसपासच्या चर्टमधील वनस्पतींवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी साहनी ह्यांनी मोहगाव कलाँच्या एका पाषाणफळाचे सविस्तर वर्णन केले. प्राध्यापक परिजा ह्यांच्या सन्मानार्थ त्याचे नाव एनिग्मोकार्पॉन परिजाय असे ठेवलेले आहे. 'एनिग्मा' म्हणजे कोडे. कोड्याचे उत्तर शोधताना साहनी मेंदी कुलापर्यंत पोचले, आणि त्या निबंधात त्यांनी ह्या कुलाच्या प्राचीन इतिहासाचाही आढावा घेतला. पुढल्याच वर्षी, १९४४ साली, व्ही. बी. शुक्ला ह्यांनी त्याच स्थळाचे एक पाषाणफूल वर्णिले, त्यास साहनींच्या नावावरून साहनिअँथस असे नाव दिले, आणि त्या फुलाचा ह्या फळाशी असलेला संबंध दाखविला. पुढे पुण्याचे प्राध्यापक महाबळे ह्यांनी सहकाऱ्यासह खाडीतील चिपी व तिचे जीवाश्म आप्त ह्यांवर लेखन केले.

ते फूल म्हणजे धायटीचे पूर्वज, असे मात्र कोणी समजू नये. धायटीच्या फळात दोनच कप्पे असतात. त्या पाषाणफळात त्याहून अधिक आहेत. नाते आहे ते कुलाचे, थेट वंशाचे नव्हे. शिवाय त्याची जागाही निराळी होती. मोहगाव कलाँला निपा ह्या ताडाची फळेही दगड झालेली सापडली आहेत. निपा आज सुंदरबन व अंदमानासारख्या ठिकाणी भरतीच्या चिखलात वाढते. त्यावरून त्या काळी येथे खाऱ्या पाण्याचा संबंध असावा, असे अनुमान शास्त्रज्ञांनी काढले. आज समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेला आमचा मुलूख तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता.

साडेसहा कोटी वर्षे ही संख्या उच्चारणे सोपे, कल्पिणे कठीण. एका पानावर एक हजार वर्षे लिहावयाची ठरविली, तर साडेसहा कोटी वर्षांस पासष्ट हजार पाने लागतील. म्हणजे दोनशे पानी सव्वातीनशे वह्या. मनुष्याचा सारा लिखित इतिहास त्यांतील शेवटच्या वहीची शेवटची पाच-सहा पाने व्यापील.

आमचे कर्तव्य

इतक्या दीर्घ काळाचे घराणे आमच्या उतारावर उभे आहे, आणि आम्ही त्यास सरपण समजतो. धायटीची फुले बाजारात विकली जातात. गरीब कुटुंबांस त्यांचे दोन पैसे मिळतात, आणि ते मिळालेच पाहिजेत. परंतु घाईने फांद्याच मोडून फुले झोडली की दुहेरी हानी होते. फुलाबरोबर बी जाते आणि फांदीबरोबर पुढील वर्षाचा बहार जातो. सारी टेकडी एकदम न ओरबाडता काही झुडपे बियांसाठी राखली, आणि फांदी न तोडता फुले खुडली, तर वेचणाऱ्यांचेही उत्पन्न टिकेल. फाल्गुन-चैत्रात रानास लागणारी आग तर ऐन फुलांच्या दिवसांत येते. टेकडी उघडी पडली की मुरूम व माती नाल्यात येतात, नाल्यातून तलावात जातात, आणि विहिरींना मिळावयाचे पाणी वाहून जाते. संत्र्याच्या बागा विहिरीच्या पाण्यावर उभ्या आहेत, हे ज्यास समजले त्यास टेकडीवरच्या झुडपाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

चर्टच्या दगडांचेही तेच. घुघवा येथील जीवाश्म १९८३ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखले गेले. शेतात व नाल्यात विखुरलेल्या दगडांस कुंपण कोण घालणार? चमकदार तुकडा दिसला म्हणून फोडून घरी नेला तर तो कोणत्या थरातला हे कायमचे नाहीसे होते, आणि स्थळ हरवलेल्या जीवाश्माचे अर्धे मोल जाते. असा दगड दिसल्यास जागा टिपावी, चित्र काढावे व शिक्षकांस कळवावे.

ह्या सुट्टीत विद्यार्थ्यांनी एक साधा अभ्यास करावा. आपल्या गावाजवळचे धायटीचे एक झुडूप निवडावे. पहिले फूल केव्हा उमलले, कोणते पक्षी आले, कुपी केव्हा वाळली, ह्यांची तिथीवार नोंद ठेवावी. झुडपाच्या बुडाची माती व पलीकडच्या उघड्या जागेची माती हाताळून तुलना करावी. एक फूल उभे चिरून त्याची आकृती काढावी आणि शेजारी डाळिंबाच्या फुलाची आकृती काढून साम्य शोधावे. अशा नोंदी दरवर्षी होत गेल्या, तर दहा वर्षांनी आमच्या शाळेपाशी ह्या टेकड्यांची अशी माहिती जमेल, जी कोणत्याही छापील पुस्तकात मिळणार नाही. आरंभ करावयास एक वही, एक पेन्सिल व एक भिंग पुरेसे आहे.